विद्यापीठ नेमकं करतं काय? पदवीच्या कागदामागचं सार्वजनिक संशोधन विद्यापीठ, सोप्या भाषेत

पुणे, नाशिक किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही घरातलं लोखंडी कपाट उघडा. साड्यांच्या घड्यांखाली, रेशनकार्ड आणि जागेच्या कागदांच्या शेजारी प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये एक पदवी प्रमाणपत्र जपून ठेवलेलं सापडतं. वर विद्यापीठाचं नाव आणि बोधचिन्ह, खाली कुलगुरूंची सही. ज्याचं ते प्रमाणपत्र आहे त्यानं विद्यापीठात कधी पाऊलही टाकलेलं नसतं. त्याचं कॉलेज संगमनेरला झालं, बारामतीला झालं किंवा मनमाडला झालं. विद्यापीठ त्यानं पाहिलं ते युनिव्हर्सिटी चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या बसच्या खिडकीतून.

म्हणूनच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं मानांकन घसरल्याची बातमी आली तेव्हा बहुतेकांना नेमकं काय घसरलं ते कळलं नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रमवारीत २०२४ साली हे विद्यापीठ राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या गटात देशात तिसरं होतं. पुढच्याच वर्षी ते बरंच खाली गेलं. ‘पेपर वेळेवर तपासत नाहीत, निकाल उशिरा लावतात, घसरणारच,’ असं लोक म्हणाले. त्यांचा राग खराच आहे, पण निकाल किती दिवसांत लागला याला त्या क्रमवारीत वेगळे गुणच नाहीत. घसरण झाली ती दुसऱ्याच जागी, आणि ती जागा आपल्यापैकी फार थोड्यांनी आतून पाहिली आहे.

ती आतून कशी दिसते, ते पाहू.

‘सार्वजनिक’ म्हणजे कुणाचं?

महाराष्ट्रात विद्यापीठ म्हणवणाऱ्या संस्था एकाच जातीच्या नाहीत. केंद्रीय विद्यापीठ दिल्लीच्या पैशावर चालतं. आपल्याकडे असं एक आहे, वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय. अभिमत विद्यापीठ म्हणजे एखाद्या संस्थेला स्वतःची पदवी देण्याची मिळालेली मुभा. खासगी विद्यापीठ राज्याच्या कायद्यानं स्थापन होतं, पण खर्च आणि मालकी खासगी संस्थेकडे असते. आणि चौथं, राज्य सार्वजनिक विद्यापीठ. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर ही सगळी त्यात येतात.

सार्वजनिक याचा अर्थ असा की विद्यापीठ विधिमंडळाच्या कायद्यानं चालतं, कायमस्वरूपी शिक्षकांचे पगार मुख्यतः सरकारी तिजोरीतून येतात आणि कारभारावर निवडून आलेल्या लोकांचा अंकुश असतो. सध्याचा कायदा २०१६ चा आहे, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम. राज्यपाल हे कुलपती, म्हणजे पदसिद्ध प्रमुख. रोजचा गाडा हाकतात ते कुलगुरू. या दोन शब्दांत नेहमी गल्लत होते. अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, पदवीधरांनी मतदान करून पाठवलेले प्रतिनिधी बसतात. म्हणजे कपाटातल्या त्या प्रमाणपत्राच्या मालकाला विद्यापीठाच्या कारभारात मत आहे. त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, आणि तेवढे कष्ट फार थोडे घेतात.

एका पाटीखाली दोन दुकानं

आता गोंधळाच्या मुळाशी जाऊ. हा गोंधळ १८५७ सालचा आहे.

त्या वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. त्या नमुन्यात विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. कॉलेजला विद्यापीठाशी असं जोडून घेण्याला संलग्नता म्हणतात. मुंबई विद्यापीठानं स्थापनेनंतर कितीतरी दशकं मुख्यतः हेच केलं. समाजशास्त्रासारखा स्वतःचा अध्यापन विभाग तिथं सुरू झाला तो १९१९ मध्ये, स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावून.

दुसरा नमुना त्याआधीच जर्मनीत उभा राहिला होता. १८१० मध्ये बर्लिनला विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या पुढाकारानं निघालेल्या विद्यापीठाचा विचार साधा होता. जो नवं शोधतो त्यानंच शिकवावं, आणि शिकणाऱ्यानं त्याच्या शोधात हात घालावा. पाठ झालेलं ज्ञान पुढे ढकलायचं आणि नवं ज्ञान तयार करायचं, ही दोन्ही कामं एकाच खोलीत. अशा संस्थेला संशोधन विद्यापीठ म्हणतात.

आपल्या सार्वजनिक विद्यापीठांच्या पोटात हे दोन्ही नमुने एकत्र नांदतात. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं तेव्हा बारा जिल्ह्यांचा पसारा होता, तरी कॉलेजं होती १८ आणि विद्यार्थी आठ हजारांच्या वर. पुढे १९६२ मध्ये कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि १९९० मध्ये जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ वेगळं झालं, जिल्हे तीनच राहिले. कॉलेजं मात्र वाढत वाढत शेकड्यांत गेली आणि विद्यार्थी लाखांत.

एखाद्या घरात चार माणसांचा स्वयंपाक फार चवीनं होतो, म्हणून गावानं त्या घराला रोजची पंगत वाढायचं काम दिलं, तर काय होईल? पंगत उठेल, पण चुलीवरचं लक्ष जाईल. प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका, पुनर्मूल्यांकन, परीक्षा केंद्रं, कॉलेजांची तपासणी या पंगतीत विद्यापीठाचे प्राध्यापक आणि कर्मचारी वर्षभर वाढप्याचं काम करत असतात. बाहेरच्या माणसाला दिसते ती हीच पंगत, आणि तो विद्यापीठाचं मोल त्यावरूनच करतो. आतल्या चुलीवर काय शिजतंय ते त्याला कधी दाखवलंच जात नाही.

चुलीवर काय शिजतं

संशोधन म्हटलं की पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या डोळ्यांसमोर येतात. मी इथं मुद्दाम वेगळं उदाहरण घेतो.

वनस्पतिशास्त्रात पीएचडी करणारी एक मुलगी समजा. जून संपता संपता ती सह्याद्रीतल्या एखाद्या सड्यावर जाते. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं सपाट पठार. तिथं पावसाळ्यातले थोडेच आठवडे फुलणारी, बोटाच्या पेराएवढी रोपं असतात. ती एक रोप मुळासकट उपटते, पानं-फुलं नीट उलगडून वर्तमानपत्राच्या घडीत ठेवते आणि वर फळ्या आवळून दाब देते. सोबत वहीत लिहिते: जागा, उंची, तारीख, फुलाचा रंग. रंग तिथंच लिहायचा, कारण वाळल्यावर निळं फूलही तपकिरी होतं. मुक्कामाला आल्यावर खरं काम सुरू होतं. कागद ओला झालेला असतो. तो त्याच रात्री बदलायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. एक रात्र आळस केला की बुरशी येते आणि वर्षभराची संधी जाते, कारण ते रोप आता पुढच्या पावसाळ्यातच भेटणार. वाळलेला नमुना जाड कागदावर चिकटवला जातो, त्यावर चिठ्ठी लागते आणि तो वनस्पतिसंग्रहात जातो. नंतर महिनोन्‌महिने भिंगाखाली परागकोश, बिया, लव यांची जुन्या नमुन्यांशी तुलना. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी असाच वाळवून ठेवलेला नमुना हाताशी नसेल, तर आजच्या रोपाला ‘हे नवं आहे’ असं म्हणताच येत नाही.

कागद पहिल्या रात्रीच बदलायचा, हे पुस्तकातही छापलेलं असतं. पण ते अंगी लागतं ते दोन वर्षं पुढे असलेल्या ताईबरोबर चार दौरे केल्यावर. त्या ताईला ते गाइडनं, म्हणजे मार्गदर्शकानं, शिकवलेलं असतं, गाइडला त्याच्या गाइडनं.

दही लावायला दूध हवंच, पण नुसत्या दुधाचं दही होत नाही. कालच्या दह्याचं चमचाभर विरजण लागतं. संशोधन विद्यापीठ हे असं विरजण आहे. इमारत, यंत्रं, निधी हे दूध. ते बाजारातून आणता येतं, उशिरा आलं तरी चालतं. विरजण म्हणजे काम जाणणारी माणसं आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरं. ते एकदा संपलं तर घरात कितीही दूध असलं तरी शेजारी वाटी घेऊन जावं लागतं. या सगळ्या लेखात मला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच आहे. बाकीचं त्याच्या अनुषंगानं.

पीएचडी म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं

सहसा पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर नेट, सेट किंवा विद्यापीठाची ‘पेट’ ही प्रवेश परीक्षा द्यायची. मुलाखत होते. गाइड मिळावा लागतो. तो मिळाला नाही तर परीक्षा पास होऊनही उपयोग नाही. मग संशोधन पद्धतीचे थोडे वर्ग. त्यानंतर प्रत्यक्ष काम, आणि दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे हजेरी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं आणि साधारणपणे कमाल सहा वर्षं. स्त्रियांना दोन वर्षांची जादा सवलत आहे. शेवटी प्रबंध. त्यात दुसऱ्याचं लिखाण उचललंय का ते सॉफ्टवेअरनं तपासलं जातं, बाहेरचे किमान दोन परीक्षक तो वाचतात आणि मग तोंडी परीक्षा.

नेटमधून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. हा दर १ जानेवारी २०२३ पासूनचा. ती सगळ्यांना मिळत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या छात्रवृत्त्या आहेत, पण त्या वेळेवर मिळाव्यात म्हणून पोरांना उपोषणाला बसावं लागल्याचं आपण पाहिलं आहे. बाकीचे तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवतात, क्लास घेतात आणि उरलेल्या वेळात प्रबंध लिहितात.

पुणे विद्यापीठाला ४११ एकर कशाला हवेत?

पुण्यात गुंठ्याचा भाव काय आहे हे माहीत असलेला माणूस हा प्रश्न विचारतोच.

गणेशखिंडीतली ही जागा आधी मुंबईच्या गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामाची होती. मनोरा असलेली मुख्य इमारत बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना १८६४ मध्ये बांधायला घेतली आणि १८७१ मध्ये पुरी झाली. २२ जून १८९७ च्या रात्री याच वाड्यातला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा सोहळा आटोपून परतताना प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. स्वातंत्र्यानंतर मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यामुळे ही सगळी जागा नव्या विद्यापीठाला मिळाली. पहिले कुलगुरू झाले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. राज्यकर्त्याचा बंगला विद्यार्थ्यांच्या हाती देणं ही त्या काळातली मोठी गोष्ट होती, आणि तो निर्णय घेणाऱ्यांबद्दल मला आजही आदर वाटतो.

जागा मोठी असल्यामुळे जे घडलं ते एका इमारतीत घडलं नसतं. याच आवारात १९८८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. नावातच तिचा हेतू आहे, आंतर-विद्यापीठ केंद्र. महागडी साधनं प्रत्येक विद्यापीठ घेऊ शकत नाही, तर एका ठिकाणी ठेवू आणि देशातल्या कुठल्याही विद्यापीठातल्या माणसाला येऊन वापरू देऊ. गावात प्रत्येकाच्या दारात ट्रॅक्टर नसतो, पण सोसायटीचा एक असला तरी सगळ्यांची नांगरट होते, तसं. शेजारीच टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी महाकाय दुर्बीण गोविंद स्वरूप यांनी उभी केली, ती हेच केंद्र चालवतं. पेशींवर काम करणारी राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थाही याच आवारात आहे.

भौतिकशास्त्र विभागातला एमएस्सीचा विद्यार्थी चालत चालत आयुकेत जाऊन जगातल्या नावाजलेल्या माणसाचं व्याख्यान ऐकू शकतो, याची किंमत गुंठ्यात होत नाही. तिथं फुकोचा लंबक टांगलेला आहे. लांब तारेला बांधलेला जड गोळा संथ झोके घेतो. तासाभरानं पाहिलं तर झोक्याची दिशा सुमारे पावणेपाच अंशांनी सरकलेली दिसते. गोळ्याला कुणी वळवलेलं नसतं, खालची जमीन, म्हणजे पृथ्वी, वळलेली असते. ध्रुवावर ही फेरी दिवसात पुरी होते, पुण्याच्या अक्षांशावर तिला सुमारे ७५ तास लागतात. पृथ्वी फिरते हे आपण चौथीत पाठ करतो. तिथं उभं राहिलं की ते डोळ्यांना दिसतं.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पहिली प्रयोगशाळा तर आवारातली झाडंच. शिवाय ‘कमवा आणि शिका’ योजनेत बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात रोज दोन-तीन तास काम करून मेसचं बिल भागवणारी मुलं इथंच आहेत. नांदेड, बीड, नंदुरबारहून आलेल्या मुलाला पुण्यात राहून शिकता येतं ते या ४११ एकरांत वसतिगृह आहे म्हणून.

विद्यार्थी काही करून दाखवतात का?

२२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी ३४ यानानं २० उपग्रह एकदम नेले. त्यातल्या एकाचं वजन किलोपेक्षाही थोडं कमी होतं. नाव ‘स्वयम’. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे आपल्या सीओईपीतल्या, पदवीच्या विद्यार्थ्यांनी तो बनवला होता. कॉलेज तेव्हा स्वायत्त होतं आणि पुणे विद्यापीठाशी संलग्न होतं. स्वतःचं विद्यापीठ ते २०२२ मध्ये झालं.

या उपग्रहात एक कल्पना फार सुंदर आहे. उपग्रहाचं तोंड ठरावीक दिशेला ठेवायला सहसा वीज खर्चून यंत्रणा चालवावी लागते. या पोरांनी आत लोहचुंबक बसवला. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ओढीनं आपोआप वळते, तसा हा डबा वळणार. डुलत राहू नये म्हणून विशिष्ट धातूच्या कांड्या, ज्या हळूहळू डुलणं जिरवतात.

काम २००८ मध्ये सुरू झालं आणि उड्डाण झालं २०१६ मध्ये. इंजिनिअरिंगची पदवी चार वर्षांची. म्हणजे ज्यांनी सुरुवात केली त्यांतलं कुणी उड्डाणाच्या वेळी वर्गात नव्हतं. एका तुकडीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला काम समजावून हातात दिलं. पुन्हा विरजणच.

दुसरं उदाहरण २०१७ चं. आयुका आणि पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) यांच्या खगोलशास्त्रज्ञांनी सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं दूर असलेला दीर्घिकांचा (गॅलक्सींचा) प्रचंड महासमूह शोधला आणि त्याला ‘सरस्वती’ नाव दिलं. शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये पीएचडी करणारे विद्यार्थी होते, आणि केरळातल्या तोडुपुळा गावच्या न्यूमन कॉलेजचे प्राध्यापकही होते. वापरलेली माहिती आकाशाच्या एका मोठ्या खुल्या सर्वेक्षणातली होती, कुणालाही मिळण्यासारखी. साध्या कॉलेजातला माणूस अशा कामात बरोबरीनं बसू शकतो, तो त्या सोसायटीच्या ट्रॅक्टरमुळे.

मग मानांकन घसरतं कसं?

क्रमवारी लावताना विद्यापीठांच्या गटात शिक्षण आणि साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीला, म्हणजे किती जण पदव्या घेऊन बाहेर पडतात याला, २० टक्के, समावेशकतेला १० आणि लोकांच्या मतांना १० टक्के असं वजन आहे. पहिल्या दोन खान्यांत मिळून ६० टक्के. या दोन्ही खान्यांचा पाया एकच आहे, कायमस्वरूपी शिक्षक.

आता साधं गणित. आयोगाच्या नियमांप्रमाणे प्राध्यापक एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापक सहा आणि सहायक प्राध्यापक चार पीएचडी विद्यार्थी घेऊ शकतात. गाइड व्हायला नियमित, पूर्णवेळ नोकरी लागते. कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तो अधिकार नाही, मग त्याचं काम कितीही चांगलं असो. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला की नवा विद्यार्थीही घेता येत नाही.

एका विभागात दोन प्राध्यापक निवृत्त झाले आणि जागा भरल्या नाहीत, तर पीएचडीच्या सोळा जागा गेल्या. सोळा जणांचे पाच वर्षांत जे शोधनिबंध झाले असते ते गेले. वर्ग तर घ्यावेच लागतात, म्हणून कंत्राटी माणसं येतात आणि बाहेरून सगळं सुरळीत दिसतं. शिक्षकांमागे विद्यार्थ्यांचं प्रमाण वाढल्यानं पहिल्या खान्यातले गुण जातात, संशोधन आटल्यानं दुसऱ्या खान्यातले. क्रमांक घसरला की चांगले विद्यार्थी आणि प्रकल्प दुसरीकडे वळतात, त्यानं आणखी गुण जातात. जागा भरायची परवानगी विद्यापीठाच्या हातात नसते, ती सरकारकडून यावी लागते. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं रखडलेली आहे. तिथं विरजण संपत चाललं आहे.

क्रमवारी ही काही देववाणी नव्हे. लोकांच्या मतांचे १० टक्के गुण जाहिरातबाजीनंही वाढतात, आणि मराठीतलं, संस्कृतातलं, इतिहासातलं काम तिच्या मोजपट्टीत फारसं येत नाही. जयकर ग्रंथालयात दहा वर्षं बसून कुणी एखाद्या बोलीचा कोश केला, तर त्याचं क्रमवारीत काय होणार? तरीही ताप मोजायचा थर्मामीटर जुना आहे म्हणून ताप नाही असं होत नाही.

‘पीएचडी करून काय दिवे लावणार?’

हा प्रश्न २०२३ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता. प्रश्न विचारणं चूक नाही, पैसा लोकांचा आहे. म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

१९२४ मध्ये ढाका विद्यापीठातल्या सत्येंद्रनाथ बोस नावाच्या तिशीतल्या शिक्षकानं प्रकाशकणांच्या मोजणीवर एक छोटा निबंध लिहिला. तो आइन्स्टाइनना पाठवला, त्यांनी स्वतः जर्मन भाषेत भाषांतर करून छापून आणला. त्यातून पदार्थाच्या एका नव्या अवस्थेचं भाकीत निघालं. ती प्रयोगशाळेत दिसली १९९५ मध्ये, ७१ वर्षांनी, आणि दाखवणाऱ्यांना २००१ चं नोबेल मिळालं. १९२५ साली कुणी ढाक्यात जाऊन विचारलं असतं, ‘याचा उपयोग काय?’ तर बोसांनाही सांगता आलं नसतं.

सगळेच बोस नसतात, आणि सगळंच ७० वर्षं थांबत नाही. मुंबई विद्यापीठानं १९३३ मध्ये कापड उद्योगाला रंग-रसायनांची जाणकार माणसं हवी होती म्हणून एक विभाग काढला. तोच पुढे यूडीसीटी, आताची रसायन तंत्रज्ञान संस्था. देशाच्या रसायन उद्योगाला लागणारे अभियंते या एका विभागानं पिढ्यान्‌पिढ्या पुरवले. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर पदवी आणि पीएचडी दोन्हींसाठी तिथंच होते.

बोगस संशोधनाचं काय?

ही शंका सगळ्यांत रास्त आहे. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं आहेत, आयते प्रबंध लिहून देणारे आहेत. बढतीसाठी निबंधांची संख्या मोजायला लागल्यापासून हा धंदा फोफावला.

पण हा रोग उघडा कुणी केला तेही पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगानंच मान्यता दिलेल्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीनं घुसलेली १,००९ नियतकालिकं पुणे विद्यापीठातल्या एका गटानं तिथलेच प्राध्यापक भूषण पटवर्धन यांच्यासोबत एकेक करून तपासली. पत्ता खरा आहे का, संपादक कोण, आलेला लेख जाणकारांकडून तपासून घेतात का. ८८ टक्क्यांहून अधिक निकस निघाली. २०१८ मध्ये हा निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्ये आला आणि त्याच वर्षी आयोगानं हजारो नियतकालिकं यादीतून काढली. घरातली घाण घरातल्यानंच झाडली. आपल्याच व्यवस्थेचे वाभाडे काढणारा अभ्यास छापायला धाडस लागतं, आणि नोकरी जाण्याची भीती नसलेला कायमस्वरूपी शिक्षक ते करू शकतो.

खासगी विद्यापीठं आहेतच की

आहेत, आणि काही चांगलं काम करतात. पण ज्या विषयाला फी भरणारा विद्यार्थी मिळत नाही तो विषय तिथं सहसा टिकत नाही. पाली, भूशास्त्र, वनस्पतींचं वर्गीकरण, प्राचीन शिलालेख यांना बाजार नाही. शिवाय फी. शेतमजुराच्या मुलीला एमएस्सी करून त्या सड्यावर जायचं असेल, तर तिला परवडणारं दार सार्वजनिकच आहे. देश संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, दक्षिण कोरिया सुमारे पाच टक्के. आपल्याकडे त्या थोडक्या पैशातलाही मोठा वाटा केंद्राच्या संस्थांकडे जातो. देशातले बहुसंख्य विद्यार्थी मात्र शिकतात राज्याच्या विद्यापीठांत आणि त्यांच्या कॉलेजांत.

हे सगळं पाहायचं कुठे?

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, आयुकेत लोकांसाठी दारं उघडतात. खोडदची दुर्बीणही त्याच सुमारास पाहता येते, आसपासच्या शाळांच्या सहली लोटतात. घरबसल्या पाहायचं तर ‘शोधगंगा’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचता येतात. आपल्या तालुक्याचं नाव टाकून पाहा. तिथल्या पाण्यावर, बोलीवर, देवरायांवर कुणीतरी पाच वर्षं घालवलेली असण्याची बरीच शक्यता आहे.

आणि एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. पीएचडीची तोंडी परीक्षा खुली असते. विभागाच्या फलकावर तारीख लागते, सहसा कुणालाही जाऊन मागे बसता येतं. पुढे बाहेरगावचा परीक्षक बसलेला असतो, समोर उभी उमेदवार, पडद्यावर आलेख. मागच्या रांगेत बहुधा तिचे आई-वडील असतात, रात्रीच्या एसटीनं आलेले. परीक्षक विचारतो, ‘हे तुम्ही दोन्ही पावसाळ्यांत पाहिलंत, की एकाच?’ आणि ती मुलगी वही उघडून तारीख सांगते.